आधी पाय, मग नाव

६ फेब्रुवारी

ती. मामास,

उजव्या पायाने साष्टांग नमस्कार. डावा सध्या प्लास्टरमध्ये असल्यामुळे त्याच्या वाटणीचाही उजवाच करतो.

घाबरू नकोस. जिन्यात पडले, तेही शेवटच्या पायरीवर. दोन मजले नीट उतरले, आता जमीन आली असं समजून चालायला लागले, तर एक पायरी शिल्लक होती. घोट्याजवळचं हाड चिरलं आहे, आठ आठवडे प्लास्टर. लोकांना तोल शिकवणारी बाई जिन्यात आपटली हे इमारतीत सगळ्यांना कळलंय, तेव्हा हसायचं असेल तर तूही हसून घे.

आता खरं संकट. एकवीस मार्चला माझी परीक्षा आहे. योगकेंद्रातला सकाळचा वर्ग कायमचा माझ्याकडे द्यायचा की दुसऱ्या कुणाला, ते त्या दिवशी ठरणार. बारा अनोळखी माणसं समोर असतील आणि पाऊण तासात त्यांना समस्थितीपासून, म्हणजे नुसतं सरळ उभं राहण्यापासून, शवासनापर्यंत न्यायचं. आजवर मी शिकवलं ते करून दाखवून. मी वाकले की वर्ग वाकतो. आता खुर्चीत बसून नुसतं बोलायचं आहे. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंना म्हटलं, परीक्षा पुढे ढकला. त्या म्हणाल्या, “पाय मोडलाय, जीभ नाही.”

काल त्यांनी मला त्यांच्यासमोर बोलायला बसवलं. मी म्हटलं, “आता हे असं वर,” आणि हात वर केला. त्यांनी मला दोन्ही हात मांडीखाली घालून बसायला लावलं. पाच मिनिटांत माझे शब्द संपले. शेवटी त्यांनीच उपाय सांगितला: लांबच्या एखाद्या माणसाला धडे पत्राने पाठव. फोन नाही, व्हिडिओ नाही. त्याने वाचून करायचं आणि काय झालं ते कळवायचं. आसनांची नावं संस्कृतातलीच ठेवायची, कारण वर्गात तीच चालतात.

ज्याला योगातलं ओ की ठो कळत नाही, पण सांगितलेलं काम जो तंतोतंत करतो, असा माणूस कोण? तुझंच नाव आलं.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस, पायाचं तर मुळीच नाही. मी लॅबमधली नोकरी सोडली तेव्हा ती म्हणाली होती, “हातापायांवर पोट भरायला निघालीस, हातपाय थांबले की काय करशील?” तेव्हापासून, बसस्थानकात तीस वर्षं माईकवर बोललेली ती बाई, माझ्याशी फोनवर ‘जेवलीस का’ आणि ‘ठेवू का’ एवढ्यातच आटपते. पायाचं कळलं तर ती काहीच बोलणार नाही आणि तेच मला ऐकवणार नाही.

धडा पहिला वेगळ्या कागदावर आहे: ताडासन, उत्तानासन, अधोमुख श्वानासन.

तुझी,
लंगडी भाची

*

१२ फेब्रुवारी

चि. भाचेबाईंस,

अनेक आशीर्वाद, त्यातले दोन जास्तीचे डाव्या पायाला. मामाने आयुष्यभर जिने बनवले आणि भाचीला पायऱ्या मोजता येत नाहीत, याचं वाईट वाटलं. हसलोही.

धडा संध्याकाळी कारखाना बंद करून केला. अहवाल असा.

ताडासन. उभा राहिलो. कामाच्या बाकाशी हे मी चाळीस वर्षं करतोय, कुणी नाव सांगितलं नव्हतं.

उत्तानासन. मी उताणा पडलो. पडल्यावर पुढची ओळ वाचली, “गुडघे सैल ठेवून कमरेतून पुढे वाका.” उताण्या माणसाने पुढे कसं वाकायचं? उठलो, पुन्हा पहिल्यापासून केलं. हात गुडघ्यांच्या खाली चार बोटं पोचले. पट्टीने मोजलं आहे.

अधोमुख श्वानासन. हात जमिनीवर, पाय जमिनीवर, मधला भाग वर. पण डोकं खाली गेलं की चष्मा भुशात पडतो आणि चष्म्याशिवाय तुझं अक्षर म्हणजे मुंग्या. मग डोकं लढवलं. कागद कामाच्या बाकाच्या खालच्या अंगाला उलटा ठोकला आणि चष्म्याला मागून दोरी बांधली. डोकं खाली घालून पायांतून मागे पाहिलं की अक्षरं सुलटी. फार सोयीचं झालं.

कागदात पुढे लिहिलं होतं, “पाच श्वास थांबा.” थांबलो. त्यापुढे कागद कोरा. ड्रॉइंगमध्ये जे नाही ते मी माझ्या मनाने करत नाही, तुला माहीत आहे. सहावा श्वास घेतला, सातवा घेतला. बाराव्याला हात थरथरायला लागले. तेविसाव्याला दारातून कुणी हाक मारली, दुरुस्तीला दिलेलं स्टूल न्यायला गिऱ्हाईक आलं होतं, म्हणून सुटलो. बाई, माणसाला आत घातलंस तर बाहेरही काढत जा.

एक विचारतो. आसन म्हणजे बसायची जागा ना? आजवर मी दीड-दोन हजार आसनं बनवून विकली. त्यातलं एकही चार पायांवर कुत्र्यासारखं उभं नव्हतं.

तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही.

तुझा,
मामा

*

१६ फेब्रुवारी

ती. मामास,

शतशः क्षमा. तुझं पत्र मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. त्यांना मी तीन वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. हसून झाल्यावर म्हणाल्या, “तो माणूस शाबूत आहे ना? मग पुढचा धडा लिही.”

तेविसाव्या श्वासापर्यंत थांबलास. माझ्या वर्गातले तरुण सहाव्याला घड्याळ बघतात.

या नावांना तू उगाच बिचकू नकोस. ती लांबलचक दिसतात, पण जोडकाम आहे. थोडे तुकडे ओळखलेस की झालं. अधोमुख म्हणजे तोंड खाली, ऊर्ध्वमुख म्हणजे वर. उत्थित म्हणजे ताणून उठलेलं, सुप्त म्हणजे आडवं झालेलं. पार्श्व म्हणजे कूस. परिवृत्त म्हणजे पिळून फिरवलेलं. अर्ध तर तुला येतंच. श्वास आत घेणं पूरक, आत धरून ठेवणं कुंभक, सोडणं रेचक. कुंभकाच्या भानगडीत तू पडू नकोस, तुझं रक्तदाब मोजायचं यंत्र मीच आणून दिलंय.

यावेळी वीरभद्रासन आणि उत्थित त्रिकोणासन. दोन्हींतून बाहेर यायच्या सूचना लिहिल्या आहेत, त्यांच्याखाली रेघही मारली आहे.

रविवारी आईचा फोन होता. जेवलीस का, जेवले. मग जरा थांबून म्हणाली, “तिकडे फार चालावं लागतं का गं?” मी म्हटलं नाही. “बरं,” म्हणाली आणि ठेवला.

तुझी भाची

*

२३ फेब्रुवारी

चि. भाचेबाईंस,

आशीर्वाद. ते तुकडे मला बेहद्द आवडले. आमच्याकडे तरी वेगळं काय आहे? फळीला नुसतं फळी म्हणून भागत नाही, उभी की आडवी, पुरी की अर्धी, सगळं बोलावं लागतं. आता मी सगळ्या कारखान्याला नावं ठेवतोय. कपाट भिंतीशी आडवं ठेवलंय ते सुप्त कपाट. उलट्या पालथ्या घातलेल्या खुर्च्या अधोमुख. काल एक दार ओल धरून पिळवटलं, त्यावर खडूने ‘परिवृत्त’ लिहून कोपऱ्यात ठेवलं. गिऱ्हाईक म्हणालं, हा नवीन प्रकार दिसतोय, कितीला?

आता धड्याचं. वाचायला एक बाई मिळाल्या आहेत. त्या खुर्चीत बसून मोठ्याने वाचतात, मी करतो. चष्म्याची दोरी सोडली. कोण आहेत ते सांगायचं नाही असं त्यांनी बजावलंय आणि त्यांनी बजावलेलं मोडायची माझी छाती नाही. आवाज मात्र असा की करवत चालू असली तरी शब्द न् शब्द कळतो.

त्यांनी वाचलं, “वीरभद्रासन.” मला वाटलं, वीर म्हणजे वीर. पुढचं यायच्या आत मी एक पाय दाणकन पुढे टाकला, छाती काढली, हात फेकले. पाय लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्यात. सरस गरम नव्हता हे नशीब. बाईंनी वाचन थांबवलं, माझ्या पायाकडे पाहिलं आणि शांतपणे पुढची ओळ वाचली, “डावा पाय हळूच मागे घ्या.” घेतला. भांडंही मागे आलं.

बाईंचं मत असं पडलं की चूक माझी नाही, कागदाची आहे. का ते त्या सांगत नाहीत. कागद दोनदा वाचला, पेन्सिलने काही खुणा केल्या आणि कागद पर्समध्ये घालून घेऊन गेल्या.

त्रिकोणासन जमलं. माझा कोन साठाऐवजी पंचाहत्तर अंशांचा होतो, कोनमापक लावून पाहिला. पण रोज सकाळी मोजे घालताना आता भिंत धरावी लागत नाही.

मामा

*

२७ फेब्रुवारी

ती. मामास, आणि वाचणाऱ्या बाईंना माझा वाकून नमस्कार,

मामा, छुपा रुस्तम निघालास. करवतीवरून ऐकू येणारा आवाज, आणि ‘बजावलेलं मोडायची छाती नाही’. तेहतीस वर्षांचा माणूस लग्नाला नाही म्हणाला आणि पंचवीस वर्षांनी अधोमुख श्वानासनात सापडला. आमच्या होऊ घातलेल्या मामींना सांग, भाची अगदी साधी आहे, सासुरवास करणार नाही. मला फोटो नको, फक्त एवढंच कळव की त्या कागद घेऊन गेल्या ते परत यायच्या बेतानेच ना?

थट्टा संपली, कारण पुढचं सांगताना मला हसू येत नाही. काल सराव वर्ग झाला. सहा माणसं. परिवृत्त त्रिकोणासन सांगायला घेतलं. म्हणजे त्रिकोण, पण कमरेतून उलट्या बाजूला पिळलेला. मी सगळं सांगितलं, खूप सांगितलं, कळेना तसं आणखी सांगितलं. दोघं खिडकीकडे वळले, एक भिंतीकडे, दोघं एकमेकांच्या समोर आले आणि हस्तांदोलन केल्यासारखे उभे राहिले. सहावे एक निवृत्त पोस्टमन आहेत, ते म्हणाले, “बाई, तुम्ही बोलत राहा, आम्ही जिथे आहोत तिथे बरे आहोत.” मी घाबरले आणि प्लास्टरसकट दाखवायला उठले. मोठ्या बाईंनी मला खांदे धरून खाली बसवलं. म्हणाल्या, एकवीस तारखेला उठलीस तर त्या क्षणी परीक्षा संपली.

मामा, मला खरंच भीती वाटते. दाखवता आलं नाही तर मला काही येतच नाही की काय, असं वाटायला लागलंय. आई म्हणाली होती तेच.

तुझी भाची

*

४ मार्च

चि. भाचेबाईंस,

पहिली गोष्ट. तुझं पत्र मोठ्याने वाचलं गेलं. पहिल्या ओळीपासून. ‘मामी’पाशी बाई थांबल्या. मी तेव्हा त्रिकोणात होतो, हलता येईना. त्यांनी तो परिच्छेद पुन्हा एकदा, स्पष्ट आवाजात, एक शब्दही न गाळता वाचला. मग मला विचारलं, “ही तुझी लाडकी ना?” माझं तोंड कुठे लपवू असं झालं. असलं काहीही नाही, नव्हतं, आणि त्रिखंडात कधी होणं शक्य नाही. पुन्हा लिहिलंस तर कान उपटीन.

दुसरी गोष्ट. खालचा परिच्छेद वाचून झाल्यावर बाईंनी कागद मांडीवर ठेवला. मी परवानगी न घेता त्रिकोणातून बाहेर आलो, तेही त्यांना कळलं नाही. मग म्हणाल्या, “घे लिहून.” त्या सांगत गेल्या, मी लिहिलं. कानामात्रेचा फरक केलेला नाही.

“ऐकणाऱ्याला आपण दिसत नाही, याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. त्याला आपल्याला बघायचं नसतं, कुठे जायचं ते कळायला हवं असतं.

आधी जागा. मग दिशा. मग काय करायचं ते. नाव सगळ्यात शेवटी. नाव आधी घेतलं की माणसं पळत सुटतात आणि पुढचं ऐकत नाहीत, हे सरसाच्या भांड्यात दिसलंच.

एका वेळी एकच गोष्ट. ती दोनदा सांगायची, त्याच शब्दांत. दुसऱ्यांदा शब्द बदलले की ऐकणाऱ्याला वाटतं बेत बदलला. तिसऱ्यांदा सांगायचं नाही, तिसऱ्यांदा सांगणारीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

सांगून झालं की गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. माणसं लगेच हलली नाहीत तर घाबरायचं नाही, त्यांना सामान उचलायला वेळ लागतो.

आणि आवाज चढवायचा नाही. गोंधळ झाला की आवाज खाली आणायचा.”

सामान कुठून आलं ते मला विचारू नकोस. मी फक्त लेखनिक.

मामा

*

८ मार्च

ती. मामास,

हे पत्र मोठ्याने वाचलं जाणार हे धरून लिहिते आहे.

वाचणाऱ्या बाईंना साष्टांग नमस्कार. मामींबद्दल जे लिहिलं त्याबद्दल कान धरते, दोन्ही. तुमचा कागद मी परवापासून उशाशी घेऊन झोपते. काल सहाजणांचा सराव वर्ग पुन्हा झाला. “उजवा पाय. पुढे. एक मोठं पाऊल.” दोनदा. मग गप्प. आत काहीतरी ओरडत होतं की बोल, बोल, पण जीभ दाताखाली धरली. सगळ्या सहाजणांचा उजवा पाय पुढे आला. पोस्टमनकाकांनी तर हसून पाहिलं माझ्याकडे.

बाई, तुम्हाला एक सांगते. मी शाळेतून सुटले की एका काचेच्या खोलीत, टेबलाखाली बसून अभ्यास करायचे. टेबलावर माईक असायचा. बाहेर शेकडो माणसं, पेट्या, पिशव्या, रडणारी पोरं. खोलीतून एक आवाज जायचा, दोनदा, आणि मग थांबायचा. त्या थांबण्यात मी काचेतून बघायचे. आधी कुणीच हलायचं नाही. मग एकजण वाकून पेटी उचलायचा, मग दुसरा, आणि बघता बघता अख्खा घोळका बरोबर फलाटाकडे वळायचा. त्यांतल्या एकानेही बोलणाऱ्या बाईचं तोंड पाहिलेलं नसायचं. मला तेव्हा ती जादू वाटायची. योग शिकवायला लागले तेव्हा ती विसरले होते.

पाय बरा आहे. दुखत नाही. डॉक्टर म्हणाले हाड छान जुळतंय. हे सहज लिहिलं.

रविवारी आईने फोनवर विचारलं, “तुमच्या जिन्याला कठडा आहे का?” मी म्हटलं आहे. “धरत जा,” म्हणाली.

आजचा धडा शवासनाचा. तो मामासाठी नाही. मामाने वाचायचा आणि वाचणाऱ्या बाईंनी करायचा. डाव्या गुडघ्याखाली उशी घ्यावी. जिना चढताना ज्यांचा डावा गुडघा कुरकुरतो त्यांच्यासाठी मी नेहमीच तसं सांगते.

तुझी भाची

*

१४ मार्च

चि. भाचेबाईंस,

आशीर्वाद. यावेळी पत्र छोटं, कारण सांगण्यासारखं फार आहे आणि सांगायची परवानगी नाही.

बाईंनी वाचलं. काचेच्या खोलीपर्यंत आवाज ठीक होता. पुढे त्यांना खोकला आला. कारखान्यात भुसा फार उडतो म्हणाल्या. मी त्या दिवशी रंधा हातात धरलेला नव्हता.

शवासन करायला त्यांनी साफ नकार दिला. “मला काय धाड भरलीय आडवं पडायला?” असं म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी चष्मा राहिलाय म्हणून परत आल्या. चष्मा डोळ्यांवर होता. तुझा कागद कुठे आहे ते दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आधी मी दिला.

एकवीस तारखेला परीक्षेच्या आधी खुर्ची हलवून बघ. डगमगत असेल तर दुसरी घे. मी तिथे असतो तर स्वतः बनवून दिली असती.

मामा

*

२३ मार्च

ती. मामास, आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना,

क्रमाने सांगते, नाव शेवटी.

सकाळी सात. बारा माणसं, एकही ओळखीचं नाही. मोठ्या बाई मागच्या भिंतीला टेकून. खुर्ची हलवून पाहिली, डगमगत नव्हती. हात मांडीखाली घातले. समस्थिती सांगितली आणि थांबले. खोलीत रस्त्यावरच्या झाडूचा आवाज येत होता तेवढाच.

अर्धा तास सुरळीत गेला. मग परिवृत्त त्रिकोणासन. “उजवा पाय पुढे. डावा हात उजव्या पावलाच्या बाहेर. छाती उजवीकडे फिरवा.” अकराजण वळले. पिवळ्या सदऱ्यातली एक बाई बरोबर उलटी वळली आणि शेजाऱ्याच्या नाकासमोर नाक घेऊन थांबली. माझा उजवा पाय खुर्चीखालून आपोआप निघाला. उठायला एक क्षण लागला असता. मोठ्या बाई माझ्या त्या पायाकडे बघत होत्या.

मी तो परत आत घेतला. तेच शब्द, त्याच क्रमाने, जरा खालच्या आवाजात दुसऱ्यांदा सांगितले. आणि गप्प बसले. मामा, तुझे तेवीस श्वास काय असतील ते मला तेव्हा कळलं. ती बाई हलेना. मग तिने खाली स्वतःच्या पावलाकडे पाहिलं, उजवा की डावा ते मनात ठरवलं आणि हळूहळू फिरली. तिने सामान उचललं होतं.

सगळे पोचल्यावर मी नाव घेतलं, “परिवृत्त त्रिकोणासन.” एवढं मोठं नाव, पण कुणीही दचकलं नाही, कारण ते सगळे आधीच त्या नावात उभे होते. मला इतका आनंद झाला की रेचक म्हणायच्या ऐवजी मी स्वतःच मोठा श्वास सोडला आणि वर्गानेही सोडला.

शवासनातून सगळ्यांना बाहेर काढलं, एकालाही आत ठेवलं नाही. माणसं गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, “सकाळचा वर्ग तुझा.” मग विचारलं, “गप्प बसायला कुठे शिकलीस? मी तर शिकवलेलं नाही.” मी म्हटलं, माझ्या आईकडे. आमच्यात ते पत्राने चालतं.

आई, मी पास झाले.

तुझी मुलगी, आणि मामाची भाची

*

२९ मार्च

चि. बबडीस,

तुझं पत्र मीच मोठ्याने वाचलं. शेवटी ‘आई’ अशी हाक आली तिथे थांबले. तुझा मामा म्हणाला, पुढे काय? मी म्हटलं, दम धर, वाचतेय. तीस वर्षांत मी माईकसमोर कधी अडखळले नव्हते. परवा अडखळले. पुढे तीनच शब्द होते, पण ते वाचायला मला बराच वेळ लागला. मग तुझा मामा इतका नाचला की वरच्या फळीवरून खिळ्यांचा डबा खाली आला. कोणतं आसन ते त्यालाच विचार.

सगळं सांगते. फेब्रुवारीत स्टूल न्यायला गेले, तर हा गृहस्थ बाकाखाली वाकडा होऊन चष्म्याला दोरी बांधून थरथरतोय. म्हटलं, काय झालं? म्हणाला, मला सांगायची बंदी आहे, हवं तर वाच. बाकाखाली वाकून मी तुझं अक्षर वाचलं. बाजूला दुसरं पत्र होतं, तेही वाचलं. तू पडलीस ते मला असं कळलं. तुझ्यावर रागावले, मग त्या एका पायरीवर रागावले, मग माझ्यावर.

हातपाय थांबले की काय करशील, असं मी विचारलं होतं. ते तुला टोचायला नव्हतं, पण टोचलं. तू आठ वर्षांची असताना माझा घसा बसला होता. तीन आठवडे आवाजच नाही. माझ्या जागी दुसरी बाई बसवली आणि मी रोज स्थानकावर जाऊन, काचेबाहेर बाकड्यावर बसून तिला ऐकत असे. घरी तुला सांगितलं, सुट्टी घेतलीय. ती तीन आठवड्यांची भीती माझ्या अंगातून कधी गेलीच नाही. तू नोकरी सोडलीस तेव्हा तीच बोलली. मला वाटलं होतं तुझ्याकडे फक्त हातपाय आहेत. तुझ्याकडे काय आहे ते मी बघायलाच आले नाही. चुकले मी. हे मी फोनवर बोलू शकले नसते, म्हणून लिहिते.

काल शवासन केलं. कारखान्याच्या जमिनीवर चटई टाकली, गुडघ्याखाली उशी घेतली. मामाने वाचलं. तो ‘उजवा खांदा सैल’ असं म्हणतो, जणू खण अडकलाय का ते बघतोय. पण शब्द तुझे होते. तीस वर्षं मी लोकांना कुठे जायचं ते सांगितलं, मला कुणी सांगितलं नव्हतं. टाच सोडा म्हणालीस, सोडली. जबडा सोडा म्हणालीस, तो सुटायला वेळ लागला. मग मला झोप लागली. मामा म्हणतो मी घोरले. त्याचं काही ऐकू नकोस.

नऊ एप्रिलच्या सकाळी तुझ्या वर्गाला येते आहे. आदल्या दिवशी दुपारी निघेन. गाडी पाहून ठेवली आहे, स्थानकावर घ्यायला येऊ नकोस, जिने चढू-उतरू नकोस.

तोवर तुझं प्लास्टर निघालेलं असेल. तरी माझ्यासाठी उठून काही करून दाखवू नकोस. मागच्या भिंतीशी एक जागा ठेव. मी डोळे मिटून उभी राहीन. तू बोलत राहा.

तुझी,
आई